रिकाम्या नळीतला जंत

किस्से जंतांसारखे असतात. एक बाहेर पडला की माणूस म्हणतो, चला, सुटलो! आत अजून किती आहेत ते त्याला ठाऊक नसतं. आमच्या तंजावूरच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागाचे किस्से मी आजवर चार माणसांत बसून सांगितले, पण लिहायला घेतले की हात थांबतो. काही चुकेल का, कुणाला लागेल का, अशा शंका येतात. मुळात हे किस्से विनोदी आहेत की नाहीत, तेही मला नक्की सांगता येत नाही. ऐकणारे हसतात. घडत होते तेव्हा मी एकदाही हसलो नव्हतो. मी फक्त घाबरलो होतो.

माझं मराठीही सांभाळून घ्या. आम्ही इथे मराठा राजांच्या काळी आलेले. घरात बोलतो ते मराठी तुमच्या पणज्यांच्या वेळचं, आणि त्याला तमिळची फोडणी. देवनागरी वडिलांनी शिकवली, बाकीचं पुण्यात शिकायला होतो तेव्हा सुधारलं. माझ्या मुलांना मी लिहिलेलं वाचता येत नाही. या बाबतीत ती एक सोयच आहे!

*

गोष्ट नव्वदीनंतरची. देश मोकळा झाला होता म्हणतात. राजवाड्याच्या रस्त्यावर दर दहा पावलांवर एसटीडी बूथ उभे राहिले होते, आणि परदेशातलं यंत्र मागवायला पूर्वीसारखी वर्षं जात नव्हती. माझी निवृत्ती तीन वर्षांवर आली होती. तीस वर्षं मी एकच विषय शिकवला : माणसाच्या पोटातले जंत.

मल्लिका माझी पीएच.डी.ची शेवटची विद्यार्थिनी. कावेरीकाठच्या एका खेड्यातली. हुशार, कष्टाळू, आणि एकच दोष : तिला खोटं बोलता येत नसे.

तिच्या मामाने घरामागे संडासासाठी खड्डा खणला, तर खाली भाजक्या मातीची गोल कडी लागली, एकावर एक रचलेली. फार जुन्या लोकांची ही घाणीची विहीर. तळाला काळी, घट्ट माती. मल्लिकाने ती स्टीलच्या डब्यात भरली आणि गावच्या बसने निघाली. डबा मांडीवर.

कंडक्टरने विचारलं, "काय आहे गं डब्यात? दोन्ही हातांनी धरलायस."

ही सरळ म्हणाली, "जुन्या माणसांची शी."

शेजारची बाई उठली. पुढचे दोघे उठले. मागचं बाकही रिकामं झालं. कंडक्टर मात्र अनुभवी. तो म्हणाला, "किती जुनी?"

"मोठ्या देवळाच्याही आधीची, हजार वर्षांपूर्वीची असेल, अण्णा."

"येवढी जुनी?" तो मागे वळून ओरडला, "अरे, खिडकीची जागा द्या रे तिला!"

तंजावूरपर्यंत मल्लिका तीन माणसांच्या बाकावर एकटी बसून आली. मला हे तिने हसत सांगितलं. मी विचारलं, "झाकण नीट होतं ना? खिडकी उघडी होती का? वारा कुठून येत होता?" तिचं हसू गेलं.

*

त्या मातीत सूक्ष्मदर्शकाखाली गोल जंताची अंडी दिसली. खरबरीत कवचाची, पिवळट. कवच शाबूत. इतकी शतकं! ती माणसं गेली, त्यांची भाषा बदलली, राजे आले, आम्ही आलो, आणि अंडी वाट पाहत बसलेली.

आतला डीएनए थोडा तरी टिकला असला, तर एक जुना प्रश्न विचारता येणार होता. माणसाच्या पोटातला हा जंत आणि डुकराच्या पोटातला जंत जवळचे भाऊ आहेत. मग कुणी कुणाला दिला? माणसाने डुक्कर पाळलं तेव्हा डुकराकडून माणसाला आला, की माणसाकडून डुकराला गेला?

हा प्रश्न मी आमच्या प्रयोगशाळेतल्या कदिरवेलला समजावून सांगितला. कदिरवेल आमचा अटेंडंट. माझ्याआधीपासून विभागात. काचेची भांडी धुणं, बेडूक आणणं, प्राचार्यांचा मूड आधी कळवणं, ही सगळी कामं त्याची. तो विचार करून म्हणाला, "सार, डुकराला विचारलंत तर ते माणसाचंच नाव सांगेल."

इतक्या वर्षांत या विषयावर याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही.

*

या गोष्टीतले चौथे आमचे पद्मनाभराव. शेजारच्या जीवरसायन विभागात. आमच्याच गल्लीतले, लहानपणापासूनचे, मराठीच. देव मानत नसत आणि ते रोज सांगत असत. "विठ्ठलराव, देव नाहीं. शास्त्र आहे. आणि शास्त्रावरही माझा अर्धाच विश्वास आहे." मी घाबरट, ते निर्भय. निदान तशी आमची वाटणी होती.

डीएनएच्या प्रती काढण्याचं नवं यंत्र त्यांच्या खटपटीने आलं. डीएनएचा एक तुकडा मिळाला की हे यंत्र त्याच्या लाखो प्रती काढतं. कदिरवेल त्याला 'जंताचं झेरॉक्स' म्हणायचा. यंत्राची भीती मला पहिल्या दिवसापासून वाटली, कारण त्याला जुनं-नवं कळत नाही. जुन्या मातीतला तुकडा असो, नाहीतर आज सकाळी कुणाच्या नखाखाली अडकलेला असो, त्याला दोन्ही सारखेच.

म्हणून मी सांगाड्यांची जुनी खोली रिकामी करवली, धुववली, चुना मारवला आणि दारावर तमिळमध्ये पाटी लावली : 'चपला बाहेर. बाहेरचे कपडे आत आणू नयेत. हात धुऊनच प्रवेश.'

दुसऱ्या दिवशी आलो तर खोलीच्या मधोमध कदिरवेल हात जोडून उभा. वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, नेसलेली, अंगात शर्ट नाही, छाती उघडी, केस ओले.

"हे काय?" मी ओरडलोच.

"पाटीवर लिहिलंय ना सार. गाभाऱ्याचे नियम."

मी त्याला समजावलं की उघड्या अंगावरून जास्त कचरा पडतो. पांढरा कोट, टोपी, हातमोजे घालायचे. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सार, देवासमोर कपडे काढायचे आणि जंतासमोर घालायचे. बरं!"

*

उन्हाळ्यात वीज जायची. एकदा गेली ती दुपार सरली तरी येईना. फ्रीजमध्ये त्या मातीतून काढलेला पहिला अर्क होता, मल्लिकाच्या वर्षभराच्या कामाचा. मी बर्फासाठी कदिरवेलला पिटाळलं. तो अर्ध्या तासात पोत्यात गुंडाळलेली लादी घेऊन आला.

वास आधी आला, लादी मागून.

"कुठून आणलास?"

"मासळीबाजारातून, सार. एवढा बर्फ आणखी कुठे मिळणार?"

माशांतही जंत असतात. मी घाबरून दारच अडवून उभा राहिलो. लादी आत येऊ दिली नाही. कदिरवेल लादीसह उन्हात उभा, मी दारात उभा, आणि लादी वितळत चाललेली. पद्मनाभराव व्हरांड्यातून बघत होते. "विठ्ठलराव, आतला जंत गरमीनं मरेल, माशांतला थंडीनं मरणार नाहीं. काय तें ठरवा!"

मी ठरवेपर्यंत बर्फ संपला. अर्कही गेला. माझ्या सावधगिरीने गेलेली ती पहिली गोष्ट. मल्लिकाने डब्यातली उरलेली माती काढली आणि पुन्हा सुरुवात केली.

*

तिचा पहिला निकाल जुलैत आला.

जेलच्या पारदर्शक वडीवर, जिथे डीएनए असला तर पट्टी उमटते, जांभळ्या प्रकाशात मातीच्या नळीखाली एक बारीक पट्टी चमकत होती. जंत! शेजारची नळी कोरी. ही कोरी नळी महत्त्वाची. तिच्यात माती नसते, फक्त सीलबंद आलेलं शुद्ध पाणी असतं. तिच्यात काही दिसलं नाही तरच मातीतलं खरं. ती अगदी कोरी, काळी होती.

मल्लिकाच्या डोळ्यांत पाणी. पद्मनाभरावांनी सगळ्यांना फिल्टर कॉफी पाजली. इतक्या उष्ण, ओल्या मुलखात डीएनए टिकला, हीच मोठी बातमी होती.

मी घरी गेलो, सायकल लावली आणि परत कॉलेजात आलो. पट्टी आहे का पाहिलं. होती. पुन्हा घरी गेलो. पुन्हा आलो. तिसऱ्या खेपेला वॉचमन म्हणाला, "सार, आत काही पेटतं ठेवलंय का?"

पट्टी फार बारीक होती. जंत आहे एवढं तिने सांगितलं. डुकराकडचा की माणसाकडचा, ते सांगायला तोच प्रयोग पुन्हा, मोठ्या तुकड्यावर करायला हवा होता. मातीही एकाच प्रयोगापुरती उरली होती, आणि मामाने तोवर तिथे संडास बांधून टाकला होता.

प्रयोगाचा दिवस मल्लिकाने ठरवला : तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीचा.

*

आता आडी अठरा म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या दिवशी आमच्या मुलखात कावेरीची पूजा असते. धरणातून सुटलेलं नवं पाणी कालव्यांतून गावोगाव पोचलेलं असतं. बायका घाटावर जातात, दिवे सोडतात, चित्रान्नं, म्हणजे तऱ्हेतऱ्हेचे भात, करून नेतात. आणि नवं पाणी तांब्यात भरून घरी आणतात. आमच्या गल्लीत त्याचा एक थेंब घरातल्या प्रत्येक पाण्यात घालतात. हंड्यात, माठात, फ्रीजमधल्या बाटलीतसुद्धा. वर्षभर काही कमी पडू नये म्हणून.

आणि एक थेंब प्रत्येकाच्या जिभेवर.

तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की नदीचं न उकळलेलं पाणी पिऊ नका. आणि तीस वर्षं दर आडी अठराला तोंड उघडून बायकोसमोर उभा राहिलो. डोळे मिटून. थेंब घशाखाली गेला की पुढचे दोन महिने पोटाकडे लक्ष.

त्या वर्षी थेंब दिल्यावर बायकोने माझ्या हातात एक लहानशी कुपी ठेवली. "अहो, त्या पोरीचं काम आहे ना आज? तिच्याही पाण्यांत एक थेंब घाला."

"वेडी आहेस काय? तें शुद्ध पाणी आहे!"

"हें काय अशुद्ध आहे?"

कुपी खिशात घालून मी कॉलेजात गेलो.

सणामुळे कॉलेज अर्धं रिकामं. साडेदहाला खोलीत कुणी नव्हतं. शुद्ध पाण्याची नवी बाटली मी तासाभरापूर्वीच, आल्या आल्या, उघडून ठेवलेली. तिच्यावर माझ्याच अक्षरात तारीख आणि वेळ. प्रत्येक बाटलीवर उघडण्याची वेळ लिहायची ही माझ्या भीतीची जुनी सवय.

मी पुण्यात शिकलो. मी जंतांवर पुस्तक लिहिलं. आणि मला त्या क्षणी एवढंच वाटलं की हा प्रयोग फसला तर पोरीचं काय होईल, आणि तो फसला तर घरी गेल्यावर बायको विचारेल, "घातला होता कां?"

मी झाकण उघडलं आणि एक थेंब टाकला.

*

दुसऱ्या दिवशी जेल पाहिलं. मातीच्या नळीखाली जाड, ठळक पट्टी. मल्लिका आनंदाने काही बोलणार, तेवढ्यात तिची नजर शेजारी गेली.

कोऱ्या नळीखालीही तशीच पट्टी.

पद्मनाभरावांनी चष्मा पुसला, कदिरवेलने भिंतीकडे पाहिलं. मल्लिका अगदी हळू म्हणाली, "म्हणजे घाण आत आलीय. कुठून ते कळल्याशिवाय जुलैचा निकालही खरा नाही."

तिचं बरोबर होतं. हातातून, हवेतून, खोलीतून घाण आली असेल, तर ती जुलैतही आली असेल. कोरी नळी तेव्हा नशिबाने कोरी राहिली असेल. फक्त एकच गोष्ट तिला वाचवू शकत होती : घाण त्या एका बाटलीतून आली, आणि ती बाटली जुलैनंतर उघडली, हे कुणीतरी सांगणं.

ते सांगू शकणारा माणूस तिच्यासमोर उभा होता. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "खोली पुन्हा धुवायला हवी."

*

मल्लिकाने नियमाप्रमाणे पुढची पायरी सुचवली. खोलीत वावरणारी माणसं चार. चौघांपैकी कुणाच्या पोटात जंत आहेत का, ते पाहायचं. दहा दिवसांनी प्रत्येकाने सकाळचा नमुना डबीत आणायचा.

पद्मनाभराव म्हणाले, "मला काय भीती? आजच देतों!" पण दिला नाही.

कदिरवेल म्हणाला, "सार, माझ्या पोटात जंत असते तर मी इतका जाड असतो का?"

मी मनात म्हणत होतो, जंतांच्या प्राध्यापकाच्याच पोटात जंत निघाले तर? वर्तमानपत्रात आलं तर? थेंब टाकणारा मी, आणि जंत बाळगणाराही मीच निघालो तर?

दहा दिवसांनी चार डब्या आल्या. चारही नमुने स्वच्छ. एक अंडं नाही! आमच्या मुलखात चार माणसं सरसकट इतकी स्वच्छ सापडावीत, याचं मला नवल वाटलं. बाकीचे तिघं शुद्ध, आणि मी... पण माझी गोष्ट वेगळी होती.

त्याच संध्याकाळी बस स्टँडजवळच्या औषधवाल्याकडे डोळ्यांचे थेंब घ्यायला गेलो. तो माझा जुना विद्यार्थी. मला पाहून म्हणाला, "सार, तुमच्या विभागात साथ आलीय का?"

"का रे?"

"नाही, जंताच्या गोळ्या. गेल्या आठवड्यात आधी ती मुलगी येऊन एक घेऊन गेली. मग कदिरवेल. मग पद्मनाभराव सार, ते तर दुसऱ्यासाठी हवीय म्हणाले. आणि शुक्रवारी तुम्ही!"

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मलाही सांगावं लागलं असतं. पण त्या दिवसापासून आम्ही चौघे एकमेकांकडे बघताना जरा लवकर नजर काढून घेऊ लागलो. पुरावा आम्ही चौघांनी मिळून, पण वेगवेगळा, पाण्याबरोबर गिळून टाकला होता.

*

वर्ष असंच गेलं. मल्लिकाने प्रबंध लिहिला. सगळं खरं खरं लिहिलं. जुलैची पट्टी, ऑगस्टची पट्टी, आणि एक ओळ : 'कोऱ्या नळीतील दूषणाचा स्रोत नोंदलेला नाही.' ती ओळ टाइप होऊन आली तेव्हा तिच्याखाली सही करताना माझं पेन दोनदा अडलं.

रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. रोज वाटायचं, आधी कॉफी होऊ दे. मग वर्ग. मग तिची जेवणाची वेळ. मग ती दमलेली दिसायची, आणि दमलेल्या माणसाला असं कसं सांगायचं? बायकोने मध्ये एकदा विचारलं, "झोप कां लागत नाहीं?" मी म्हणालो, पोट.

प्रबंध उत्तरेकडच्या एका मोठ्या परीक्षकांकडे गेला. जगभर जुन्या डीएनएचे दावे त्यांनी मोडून काढले होते. तोवर गावात इंटरनेटचं दुकान निघालं होतं, आणि ईमेलचं काम मी तिथल्या मालकावर सोपवलं होतं. एके दिवशी भर बाजारात, रस्त्यापलीकडून त्याची हाक आली, "सार! तुमच्या जंताचं उत्तर आलंय!"

दोन रिक्षा थांबल्या.

उत्तरात लिहिलं होतं : काम प्रामाणिक आहे, पण कोऱ्या नळीत जंत कुठून आला ते समजल्याशिवाय पदवीची शिफारस करता येणार नाही. तोंडी परीक्षेत प्रत्यक्ष विचारीन.

पलीकडच्या गावातल्या एका कॉलेजने मल्लिकासाठी नोकरी राखून ठेवली होती, ऑगस्ट संपेपर्यंत. तोंडी परीक्षेची तारीख विद्यापीठाने कळवली ती ऑगस्टच्या सुरुवातीची. आडी अठराच्या नंतरचा दिवस.

*

हॉल भरला होता. तोंडी परीक्षा सर्वांसाठी खुली असते, आणि 'जंताचं उत्तर' आल्याची बातमी गावभर झाली होती. मंचावर परीक्षक मध्ये, त्यांच्या शेजारी मी. समोर मल्लिका, पहिल्या रांगेत पद्मनाभराव. दाराशी कदिरवेल, स्वच्छ पांढऱ्या शर्टात. त्याने टेबलावर स्टीलचा जग आणि पेला ठेवला होता.

मल्लिका तासभर बोलली. उत्तम बोलली. परीक्षकांनी टिपणं घेतली. मग चष्मा काढून ते शांतपणे म्हणाले, "आता ती कोरी नळी. जंत कुठून आला?"

मल्लिकाने प्रबंध चाळला, मिटला. वर्षभर मी ज्याला भीत होतो, तो हाच क्षण. माझी छाती इतक्या जोरात वाजत होती, की मला वाटलं माइकमधून हॉलला ऐकू जाईल.

मी उभा राहिलो. "मी... माझ्याकडून..."

"सार, तुम्ही बसा," दाराकडून आवाज आला. कदिरवेल पुढे येत होता. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. "मोठे सार, चूक माझी. गेल्या वर्षीच्या आडी अठराला मी त्या पाण्याच्या बाटलीत कावेरीचा एक थेंब घातला. पोरीचं काम व्हावं म्हणून. सारांना काही माहीत नाही."

मी कदिरवेलकडे बघतच राहिलो. हा माझ्यासाठी खोटं बोलतोय का? याला कसं कळलं?

तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची सरकली. पद्मनाभराव उभे राहिले. मान खाली. त्यांना असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. "कदिरवेलचा एक असेल," ते खाकरले. "एक माझा होता. आईनं दिलेला. मी देव मानत नाहीं, पण... आई मानते."

"आणि एक माझा!" मी जवळजवळ ओरडलो. वर्षभर अडकलेलं वाक्य एकदम बाहेर पडलं. "सकाळी साडेदहाला. झाकण मीच उघडलं. वर्षभर मी सांगितलं नाही. मल्लिका, मी तुला सांगितलं नाही, बाळ!"

मल्लिका माझ्याकडे बघत होती. मग ती परीक्षकांकडे वळली आणि कशीबशी म्हणाली, "सार, मी... साडेनऊला. बाटली उघडल्या उघडल्या. अम्माने कुपी दिली होती. मला वाटलं, माझ्याच थेंबाने झालं. सांगितलं तर मी शास्त्राच्या लायकीची नाही म्हणतील."

खोटं बोलता न येणारी ती पोर! कुणी विचारलं नाही तर गप्प बसता येतं, हे मात्र तिला येत होतं. तेवढं ती माझ्याकडूनच शिकली असावी.

पद्मनाभरावांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे त्या बाटलींत पाणी थोडं आणि कावेरीच जास्त!"

कुणी हसलं नाही. परीक्षकही नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ती बाटली जुलैच्या प्रयोगात वापरली होती?"

"नाही, सार," मल्लिका म्हणाली. "आडी अठराच्या सकाळी उघडली. तारीख आणि वेळ तिच्यावर आहे. विठ्ठलराव सारांच्या अक्षरात. बाटली अजून कपाटात आहे."

"आणा."

कदिरवेल धावला. परीक्षकांनी बाटली हातात घेतली, माझं घाबरट, बारीक अक्षर दोनदा वाचलं, आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर सही केली. "तर मग जुलैचा जंत खरा," ते म्हणाले. "अभिनंदन, डॉक्टर मल्लिका."

टाळ्या इतक्या झाल्या की व्हरांड्यातली कबुतरं उडाली. मल्लिका खाली बसून रडू लागली. कदिरवेल तिच्याहून जास्त रडत होता.

परीक्षकांचा घसा कोरडा पडला असावा. त्यांनी जग उचलला, पेला भरला, ओठांपर्यंत नेला आणि थांबले. पेल्यात पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं. कदिरवेलकडे, पद्मनाभरावांकडे, मल्लिकाकडे, शेवटी माझ्याकडे.

"कालच आडी अठरा होती ना?" त्यांनी हळूच विचारलं. "मग हे पाणी?"

आम्ही चौघेही खाली बघत राहिलो.